मल्लूआण्णांची सहा माणसं

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत मल्लूआण्णा माणसाला वय बघून मान देत, पण उलटीकडून. माणूस जितका लहान, तितका मान मोठा. चार वर्षांच्या रणवीर पाटलाला ते "या पाटीलसाहेब, बसा" म्हणत. त्याच्या बापाला "काय रे पाटला" म्हणत. आणि रणवीरचे आजोबा, जे आण्णांपेक्षा दोन वर्षांनी मोठे आणि तालमीचे जुने अध्यक्ष, ते दिसले की लांबूनच ओरडत, "ए बंड्या, हाईस का गेलास?" मी लग्न होऊन गल्लीत आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते, म्हणजे आण्णांच्या लेखी माझा मान केव्हाच संपलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारात अडवून विचारलं, "तू आजऱ्याकडची न्हवं? मग घनसाळ तांदूळ आणलास का न्हाय?" मी नवी नवरी, अंगावर शालू, डोक्यावर अजून अक्षता, आणि हे गृहस्थ एकदम तांदळावर आले.

मला राग आला. आण्णांचा मला पुष्कळदा राग आलेला आहे, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू काही फार चांगली नाही.

आण्णांचं सगळं आयुष्य गुळात गेलं. मार्केट यार्डातल्या एका अडतीवर चाळीस वर्षं त्यांनी गुळाची पारख केली. ढेपेला नखानं टोकरायचं, कण जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा: एक नंबर, दोन नंबर, नाहीतर "ह्यो म्हशीला घाला." कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी, आणि सदऱ्याच्या खिशाला कायमचा तपकिरी डाग, कारण खिशात गुळाचा खडा असल्याशिवाय त्यांनी उंबरा ओलांडला नाही. घराणं सीमेकडचं, त्यामुळे मराठीच्या मध्येच होकाराला कानडी 'हौद' यायचं. आण्णांची बायको, गंगाकाकू, जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा शिवानंद जयसिंगपुरात, हार्डवेअरचं दुकान, त्याची मुलं कॉलेजात. इथं आण्णा, दोन खोल्या आणि पुढचा सोपा, म्हणजे उघडी पडवी.

गुळाचा हंगाम दसरा-दिवाळीला धरतो. आण्णांचा हंगाम त्याच्या आधी, गणपती गेले की दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा. पाऊस ओसरलेला, ऊन अजून कोवळं, सगळीकडे नुसतं हिरवं. गल्लीतली पहिलीत न गेलेली झाडून सगळी पोरं सकाळी आठला आण्णांच्या सोप्यात जमत आणि साडेनऊपर्यंत ती आण्णांची असत. दसऱ्याला हंगाम बंद. पहिलीत गेलेल्याला प्रवेश नव्हता. एकदा पाटलांचा थोरला, सातवीतला, मागे लागला तर त्याला म्हणाले, "तुला आता लिवाय येतंय. लिवाय आलं की माणूस बघायचं थांबतंय. जा."

मी सांगते आहे त्या वर्षी सहा जण होते. आमची ओवी, साडेचार वर्षांची. पाटीलसाहेब म्हणजे रणवीर. मुल्लाणींचा अयान. सुतारांच्या जुळ्या, सई आणि जुई, ज्यांना आण्णा दोघींना मिळून "मंडळी" म्हणत. आणि तीन वर्षांचा बाळू, जो एक अक्षर बोलत नसे, म्हणून आण्णा त्याला "शेठ" म्हणत. "खरा शेठ बोलत न्हाय. नुसता बघतोय आणि घाम फोडतोय," असं त्यांचं मत होतं.

रोजचा कार्यक्रम ठराव करून ठरायचा. आण्णा विचारत, "बोला, आज काय करूया?" मग प्रत्येकाचं मत. पहिल्या दिवसाचा कार्यक्रम मात्र ठरलेला: मागच्या मैदानात चपला काढून दवात चालायचं आणि मग एका ओळीत बसून प्रत्येकानं आपले तळपाय आण्णांना दाखवायचे. ते एकेक तळपाय हातात घेऊन गुळासारखा निरखत. "एक नंबर. एक नंबर. अयानशेठ, तुमचा जरा वाळका हाय, परत जाऊन या." अयान धावत परत.

नंतर कोळ्यांची जाळी बघायची, दव वाळायच्या आत. तेरड्याची बोंडं चिमटीत धरून फोडायची आणि बिया उडाल्या की सगळ्यांनी एकदम दचकायचं. न दचकणाऱ्याला पुन्हा फोडायला मिळत नसे. चतुर धरायला परवानगी होती, पण त्याच्या शेपटीला दोरा बांधायची नव्हती. रणवीरनं एकदा दोरा आणला तर आण्णा अगदी अदबीनं म्हणाले, "पाटीलसाहेब, आधी तुमच्या शेपटीला बांधून बघूया." रणवीरनं चड्डी मागून चाचपून पाहिली. त्याचं बघून बाकी पाच जणांनीही चाचपली. शेपटी कुणाकडेच निघाली नाही आणि त्या दिवशी ओवी घरी येऊन रडली, की सगळ्यांच्या पडल्या, माझी कधी पडली?

रडण्यालाही आण्णांचा शब्द होता: पाझरणं. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं, गूळ पाझरतो. पोर रडायला लागलं की आण्णा म्हणत, "मंडळी पाझराय लागली. हवा लागली असंल, जरा आडोशाला घ्या." मग रडणाऱ्याला मधे बसवून बाकीचे त्याच्याभोवती दाटीनं बसत, ढेप गोणपाटात गुंडाळतात तसं. ते रडू दोन मिनिटांच्या वर टिकलेलं मी पाहिलं नाही. आमच्या घरात हा शब्द इतका रुळला की माझा नवरा, सुहास, ऑफिसातून तोंड पाडून आला की ओवी म्हणायची, "बाबा पाझारलाय. बसा सगळी."

छत्री न्यायची की नाही, याच्यावरही मतदान व्हायचं. चार वर्षांचं कुठलं पोर छत्री न्या म्हणेल? परतीच्या पावसात सहाही जण आणि आण्णा नखशिखांत भिजून आले तेव्हा मी दारातच कडाडले. आण्णा टोपी पिळत म्हणाले, "ठराव झालाता की. सहा विरुद्ध एक. मी काय करणार?"

रंकाळ्याच्या पलीकडे आण्णांच्या एका मित्राचं शेत होतं. तिथं भुईमूग काढायला ते पोरांना न्यायचे. वेल उपटायचा, माती झटकायची, ओल्या शेंगा तिथंच काट्याकुट्यांच्या जाळात भाजायच्या. एकदा त्यांनी पोरांना सांगितलं, "पाऊस गेला का न्हाय त्ये मातीला इचारायचं असतंय. कान लावा." सहा पोरं आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे आण्णा, सगळे बांधावर आडवे, एक कान जमिनीला. शेजारच्या रानात गवत कापणाऱ्या बायकांनी सात जण एका ओळीत पडलेले बघितले आणि भारे टाकून जी बोंब ठोकली ती म्हणे रंकाळ्यापर्यंत ऐकू आली. आण्णा तसेच पडल्या पडल्या त्यांच्यावर खेकसले, "गप गं बायांनो! काय ऐकू येईना!" मातीनं काय सांगितलं ते मी ओवीला विचारलं. ती म्हणाली, "माती म्हणाली, थांबा."

असा माणूस. आता माझं सांगते.

मी खेड्यातली. शेण, चिखल, शेंगा यांतून बाहेर पडून कोल्हापुरात आले, पतसंस्थेत नोकरीला लागले. माझ्या मुलीनं पुन्हा चिखलात का जायचं, असं माझ्या मनात होतं. बोलत नव्हते, पण होतं. त्या जूनमध्ये ओवीला एका इंग्रजी नर्सरीत घातलं. वेळ अकरा ते एक, म्हणून आण्णांच्या वेळेशी भांडण नव्हतं. गणपती गेले आणि नर्सरीच्या ग्रुपवर मेसेज आला की सध्या ऑटम चालू आहे, तरी प्रत्येक पालकानं झाडाखाली पडलेली पाच नारंगी पानं उद्या मुलासोबत पाठवावीत.

भादव्यात, कोल्हापुरात, नारंगी पानं. कुठे बघाल तिथं झाडं पाणी पिऊन तट्ट झालेली, पान गळायचं कुणाच्या मनात नाही. सुहास मोटरसायकल घेऊन तासभर फिरला. एका शाळेच्या आवारात बदामाचं झाड सापडलं, त्याची दोन-चार पानं तांबूस होती, पण खाली आमच्याच नर्सरीचे तीन बाप आधीच उभे होते आणि एक जण वर चढलेला होता. शेवटी मी आण्णांकडे गेले.

"पानं गळत्यात शिशिरात," आण्णा म्हणाले. "मास्तरणीला सांग, चार म्हयनं थांब."

"आण्णा, तो तिकडचा ऋतू आहे. तिकडे आता गळतात."

"मग तिकडची मागवा की. हितल्या झाडाला कशाला तरास?" मग ओवीकडे वळून आवाज एकदम मऊ झाला. "ओवीताई, आपल्याकडं आता काय पिवळं असतंय, सांगा बघू त्यास्नी."

ओवीनं बोटांवर मोजून सांगितलं: भोपळ्याचं फूल, झेंडू, फुलपाखरू, आण्णांचे दात.

दुसऱ्या दिवशी ओवीच्या दप्तरातून आण्णांनी नर्सरीला भोपळ्याचं एक फूल आणि मातीसकट भुईमुगाचा अख्खा वेल पाठवला. मला न विचारता. दप्तर परत आलं, त्यात चिठ्ठी होती: कृपया फक्त कोरडी पानं पाठवा. आणि बाईंनी गेटवर सगळ्यांदेखत मला विचारलं, "तुम्ही गावाकडे राहता का?" साधाच प्रश्न होता, पण मला तो लागला. आण्णांचा राग मी मनात धरून ठेवला, आणि राग धरायला कारण इतकं लहान होतं की आता सांगतानाही लाज वाटते.

त्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. श्रावणात आण्णा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले होते. दूधवाल्यानं हाक मारली, ओ आली नाही, तेव्हा कळलं. फार लागलं नव्हतं, पण शिवानंद धास्तावला. गौरी-गणपतीला तो आला तेव्हा बापलेकांचं बोलणं मधल्या भिंतीतून आम्हाला ऐकू येत होतं. आमच्या गल्लीत भिंत ही नावाला असते.

"आप्पा, दसऱ्यानंतर जयसिंगपूरला चला. हितं तुमचं हाय कोण?"

"सहा माणसं हायत."

"पोरं ती. त्यांच्या आया धाडत्यात म्हणून येत्यात. उद्या न्हाय धाडलं तर?"

"धाडत्यात. तू ये एकदा, बघ डोळ्यानं. घटस्थापनेच्या आधीच्या शनवारी सकाळी ये. सोप्यात बस माझ्या. म्हातारा एकटा हाय असं दिसलं तर मुकाट्यानं येतो तुझ्याबरोबर. न्हाय दिसलं तर परत ह्यो विषय काढायचा न्हाय."

"शब्द?"

"हौद. शब्द."

तो शनिवार आण्णांनी उगीच निवडला नव्हता. तो मातीचा दिवस. घरोघरी घट बसवायला काळी माती लागते. आण्णा मित्राच्या शेतातून पोतंभर माती आणून ठेवत आणि पोरं सोप्यात बसून ढेकळं फोडत, खडे वेचत, पिठाच्या चाळणीनं माती चाळत. प्रत्येकाची एक करवंटी. ती चाळलेल्या मातीनं भरायची आणि आपापल्या घरी देवापुढे न्यायची. घरच्या मोठ्या घटाशेजारी तो पोरांचा छोटा घट. सगळ्या हंगामात पोरांना या दिवसाचं वेड जास्त. त्या दिवशी सोप्यातून जो कालवा उठायचा तो ऐकून कुणी म्हातारा एकटा आहे असं म्हटलं नसतं.

शिवाय आण्णा घरोघर जाऊन सांगून आले. हे नवल होतं. कुणाच्या दारात मागायला जायची त्यांची रीत नव्हती. माझ्या दारात उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना टोपीशिवाय प्रथमच पाहिलं. पोरानं काय म्हटलं, आपण काय शब्द दिला, सगळं सांगितलं, जसं काही मला माहीतच नाही.

"तेवढा शनवार पाठव गं पोरी. फुडं न्हाय पाठवलीस तरी चालतंय."

"पाठवते की आण्णा. त्यात काय एवढं?"

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडानं.

गुरुवारी नर्सरीचा मेसेज आला. शनिवारी सकाळी साडेआठला ऑटम डे. नारंगी ड्रेस सक्तीचा, फोटोग्राफर येणार, आणि ओवीची निवड 'गळणारं पान' म्हणून झालेली आहे. मला आण्णांचा शनिवार आठवला नाही असं नाही. चांगला आठवला. मी मनाशी म्हटलं, सहा पोरं आहेत. एक नसलं तर काय होतंय? पाच काय कमी झाली? आणि गेटवरच्या त्या प्रश्नाला उत्तर द्यायची हीच संधी होती. मी महाद्वार रोडवर जाऊन नारंगी फ्रॉक आणला.

रणवीरही त्याच नर्सरीत होता. त्याच्या आईनं तिच्या घरात तेच म्हटलं. अयानच्या आईला शनिवारी माहेरी जायचं होतं. बाकीची आहेत की, ती म्हणाली. जुळ्यांना सर्दी झाली होती, एरवी सर्दीत पाठवत, पण म्हटलं आज राहू दे, चौघं तर असतीलच. बाळूची आई उशिरा उठली, म्हणाली बाकीची गेली असतील. पाच घरांत पाच बायांनी एकच विचार केला आणि एकीनंही दुसरीला विचारलं नाही. एरवी एकमेकींच्या घरात कुठली भाजी शिजते ते सांगणाऱ्या आम्ही.

ऑटम डे झाला. स्टेजवर पुठ्ठ्याचं झाड होतं. बाई म्हणाल्या, वारा आला, आणि सगळी पानं गोल फिरून खाली पडली. ओवीही पडली. बाकीची पानं उठून नाचायला लागली तरी ही उठेना. आडवी पडून तिनं एक कान स्टेजला लावला होता आणि डोळे मिटले होते. लोक हसले. बाईंनी हाताला धरून उठवलं तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "थांबा की, ऐकू येईना!" मी पण हसले. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

आम्ही अकराला गल्लीत आलो. सोप्यात शिवानंद बसला होता, पायाशी बूट काढलेले, हातात चहाचा कप. आण्णा भिंतीला टेकून बसले होते. कोपरापर्यंत हात मातीनं काळे. त्यांच्यापुढे सहा करवंट्या ओळीनं ठेवलेल्या, सहाही चाळलेल्या मातीनं काठोकाठ भरलेल्या. सोप्यात एकही पोर नव्हतं. एका नजरेत मला सगळं समजलं, बाकीच्या चार घरांचंही.

ओवीला बघून आण्णांचा चेहरा उजळला. "या ओवीताई! नारंगी झालासा की! ही तुमची माती, तयार हाय." मग मुलाकडे न बघता, मोठ्यानं, मला ऐकू जावं असं म्हणाले, "आज मी त्यास्नी सुट्टी दिलीती. रोज रोज माती तरी किती चिवडतील?"

शिवानंदनं माझ्याकडे पाहिलं. तो वाट बघत होता, हे मला आता कळतं. दोनच वाक्यं पुरली असती. 'सुट्टी दिली नव्हती. चूक आमची आहे, रोज येतात पोरं, मीच आज पाठवली नाही.' माझ्या अंगावर ऑफिसची साडी होती, हातात ओवीच्या पाठीवरचं पुठ्ठ्याचं पान होतं, आणि मी म्हणाले, "चल ओवी, कपडे बदलूया." आणि घरात गेले. आतून दार लोटून घेतलं. लाज वाटली की माणूस बोलतो तरी किंवा लपतो तरी. मी लपले.

घट बसले, नऊ दिवस झाले, दसरा झाला. त्या नऊ दिवसांत पोरं रोज सकाळी आण्णांकडे गेली, एकही चुकलं नाही. पाचही घरांना आपापलं खाल्लेलं शेण कळलं होतं. पण शब्द दिलेला माणूस गुळाच्या बाजारातला होता. तोंडी सौद्यावर चाळीस वर्षं काढलेला. दसऱ्याला पोरांचे घट उगवून आले होते. आण्णांनी सहाही जणांच्या कानामागे अंकुर खोचले, सोनं वाटलं, सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि दोन दिवसांनी टेम्पो आला.

सामान फार नव्हतंच. शिवानंद दोरी आवळत होता, तेव्हा मी धीर करून त्याच्याजवळ गेले.

"भावजी, तुमच्या मनात गैरसमज राहायला नको. पोरं रोज येत होती हो. तो एक दिवस आमच्याकडून चुकलं."

शिवानंदनं दोरीची गाठ मारली. तो काही रागावलेला दिसत नव्हता. "मला म्हाईत हाय वहिनी. त्या दिवशी मी सातलाच आलतो. कोपऱ्यावर च्या पीत बसलोतो. म्हटलं, पोरं येताना तर बघूया. आठ वाजता आप्पा सोप्यात येऊन बसले. सव्वाआठला उठले, गल्लीच्या ह्या टोकाला गेले. मग त्या टोकाला. परत ह्या टोकाला. साडेनऊपातूर. मग आत गेले, चाळण आणली आणि सहा जणांची माती एकट्यानं चाळली. मी समोर जाऊन हुबा राहिलो, तर म्हणत्यात, सुट्टी दिलीया. मला जन्मात कधी खोटं बोलले न्हवते."

त्यानं दुसरी गाठ मारली.

"तुमी आलासा तवा वाटलं, ह्या आता सांगतील. एका माणसानं जरी म्हटलं असतं की आप्पा आमचे हायत, तरी मी ह्यो विषय सोडणार होतो. सांगितलं का न्हाईसा?"

मी तिथून पाय काढला.

आण्णा टेम्पोत पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले होते. मी खिडकीपाशी गेले. माफी मागायला गेले होते, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. खिडकीतून हात काढून माझ्या मनगटावर ठेवला. "एक काम कर माझं. पोरास्नी ह्यातलं काय सांगू नको. त्यांच्या एका दिवसापायी म्हातारा गेला, असं त्यांच्या डोस्क्यात शिरलं तर जलमभर राहील. बारकी हायत. इचारलं तर सांग, आण्णाला लेकाची आठवण आली, म्हणून गेला."

"सांगते," मी म्हणाले. हा शब्द तरी पाळायचा, असं तेव्हा ठरवलं.

टेम्पो गेला. सोप्याला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ओवी सवयीनं चपला न घालता दारात जाऊन उभी राहिली. मी तिला आत घेतलं, मांडीवर बसवलं आणि सांगितलं, "आण्णांना त्यांच्या मुलाची आठवण येत होती गं. म्हणून ते जयसिंगपूरला गेले."

तिनं विचारलं, "लई येत होती?"

"हो. लई येत होती."

"आणि आमची न्हाय येणार त्यास्नी?"

येईल म्हणावं, तर मग ते गेले का, हे विचारणारच. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. ती मांडीवरून उतरली, आत गेली आणि चपला घालून आली. परवा सुहास म्हणाला, रविवारी आण्णांना भेटून येऊ, जयसिंगपूर काय लांब आहे? ओवी जेवत होती. मान वर न करता म्हणाली, "मी न्हाय येणार. त्यांना त्यांचा मुलगा आवडतो." मी तिच्या ताटात भात वाढला आणि जेव म्हटलं.